मुखपृष्ठाची संबोधन-विभक्ती : कुमार-कादंबरीच्या आवरणचित्राचा एक विचार

मराठी ग्रंथपरीक्षणाचा एक ठराविक शेवट आहे. कथानक, स्वभावचित्रण, भाषा यांचा परामर्श झाला, दोनचार मुद्रणदोष दाखवून झाले, की परीक्षक लिहितो : 'छपाई सुबक असून मुखपृष्ठ समर्पक आहे.' पुस्तक कुमारांसाठी असेल तर 'समर्पक' या शब्दाच्या जागी 'आकर्षक' हा शब्द येतो, एवढाच फरक. हे वाक्य इतके रूढ झाले आहे की ते वाचताना कोणी थांबत नाही आणि लिहिताना कोणी विचार करीत नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. 'समर्पक' हे सापेक्ष विशेषण आहे. एखादी गोष्ट कशास तरी समर्पक असते. मुखपृष्ठ नेमके कशास समर्पक? कथानकास? लेखकाच्या हेतूस? की ज्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने पुस्तक उचलावे अशी अपेक्षा आहे त्याच्या मनास? परीक्षणातील ते वाक्य या तिन्ही प्रश्नांना बगल देते. परिणाम असा की ज्या वयात वाचक पुस्तकाची निवड सर्वांत अधिक डोळ्यांनी करतो, त्या वयासाठी लिहिलेल्या कादंबरीच्या आवरणचित्रावर मराठीत विवेचक असे लेखन फारच थोडे झाले.

आधी शब्दांकडे पाहू. पुस्तकाच्या बाह्यांगाची मराठी परिभाषा जवळजवळ सर्वच शरीरावरून घेतलेली आहे. नावास शीर्षक म्हणतात, ते 'शीर्ष' या शब्दावरून. बांधणीचा कणा असतो. पहिले पान मुखपृष्ठ आणि शेवटचे मलपृष्ठ. हा दुसरा शब्द रसिकास अंमळ संकोचात टाकणारा असला तरी प्रकाशनव्यवहारात तो निःशंकपणे वापरला जातो. 'वेष्टन' व 'आवरण' हे शब्द मात्र वस्त्राच्या जातीचे आहेत. म्हणजे एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन दृष्टी भाषेत नांदत आहेत. वेष्टन हे वस्त्र असल्याने बदलता येते, काढून टाकता येते. मुख मात्र बदलता येत नाही, कारण ओळख पटते ती मुखावरूनच. आवरणचित्राच्या समीक्षेतील पुष्कळसा गोंधळ, ते वस्त्र की मुख, याचा निर्णय न केल्याने उद्भवतो. प्रकाशक त्यास बहुधा वस्त्र समजतो. वाचक, आणि विशेषतः कुमार वाचक, मुख समजतो.

नांदेड जिल्ह्यात, माहूरच्या परिसरात, हा भेद समजावून सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या माहूरगडावर रेणुकामातेची जी मूर्ती पूजिली जाते ती केवळ मुखाची आहे. परशुरामाने सांगितल्यापूर्वी मागे वळून पाहिले, म्हणून मातेचे मुखच तेवढे भूमीतून वर आले, अशी आख्यायिका आहे. शेंदूरचर्चित अशा त्या मुखापुढे उभ्या राहिलेल्या भाविकास मूर्ती अपूर्ण आहे असे वाटत नाही. उरलेले शरीर दिसत नाही म्हणूनच दृष्टी मुखावर, त्यातही नेत्रांवर, खिळून राहते. गडाकडे जाणाऱ्या वाटेवरील दुकानांत कुंकू, बांगड्या, तसबिरी यांच्याबरोबरच आरत्यांच्या व माहात्म्याच्या ज्या लहान पुस्तिका मांडलेल्या असतात, त्यांच्यावर हेच मुख छापलेले असते. या टापूतील कित्येक मुलांच्या हाती पडणारे पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले मुखपृष्ठ हेच असावे. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी चित्रविचाराच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. मुख म्हणजे शरीराचा सारांश नव्हे. मुख पाहणाऱ्याकडे पाहते.

पाहणाऱ्याकडे पाहणे, त्यास हाक घालणे, या व्यापारास व्याकरणात नाव आहे. ते संबोधन होय. मराठी व्याकरणकारांच्या कोष्टकांत संबोधन आठव्या स्थानी येते. परंतु ती खरी विभक्ती मानावी की नाही हा जुना वाद आहे. कारण उघड आहे. 'रामा, पुस्तक आण' या वाक्यात 'रामा' या पदाचा क्रियापदाशी कारकसंबंध नाही. ते वाक्याच्या बाहेर उभे आहे. तरीही ते काढले, तर वाक्य कोणास उद्देशून आहे हेच कळेनासे होते. कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये भाषेच्या तीन कार्यांपैकी एक 'आवाहन' हे सांगितले. रोमान याकबसन याने १९६० मध्ये त्याच विचाराचा विस्तार करून, श्रोत्याभिमुख कार्याचा शुद्ध व्याकरणिक आविष्कार संबोधनात व आज्ञार्थात होतो, असे प्रतिपादिले. मुखपृष्ठाचे स्थान तंतोतंत असेच आहे. कादंबरीच्या घटनांशी त्याचा कारकसंबंध नाही. त्याच्यावाचून कथानकाचे काही अडत नाही. परंतु ही कादंबरी कोणास उद्देशून आहे, हे प्रथम तेच सांगते. शीर्षक प्रथमा विभक्तीत असते; मुखपृष्ठ संबोधनात असते.

असे मानले की 'समर्पक' या विशेषणाची गरज उरत नाही आणि त्याहून नेमका प्रश्न विचारता येतो : हे चित्र कोणास हाक मारीत आहे, आणि कोणत्या शब्दाने? मराठीत हाक मारण्याच्या शब्दांतच वय, नाते, लिंग, मान हे सारे साठलेले आहे. 'बाळांनो' म्हणणारे चित्र वेगळे, 'अरे' म्हणणारे वेगळे, 'अगं' म्हणणारे वेगळे आणि 'अहो' म्हणणारे वेगळे. कुमारवयाची अडचण हीच की 'बाळा' ही हाक त्यास आवडेनाशी झालेली असते आणि 'अहो' म्हणण्यास अद्याप कोणी तयार नसते. त्यास समवयस्काची हाक हवी असते. ज्यांना कुमार-कादंबऱ्या म्हणून प्रसिद्ध केले जाते त्यांतील कितीतरी पुस्तकांची मुखपृष्ठे मात्र एक तर 'बाळांनो' म्हणतात, नाही तर थेट पालकांस व शाळेच्या गुरुजींस 'अहो, हे पुस्तक मुलांच्या हाती देण्यास योग्य आहे' असे सांगतात. यास व्यवहारातील कारण आहे. ग्रामीण भागात मूल स्वतः पुस्तक विकत घेते असे क्वचित घडते. शाळा, ग्रंथालय किंवा बक्षीससमारंभ यांसाठी पुस्तके एकदम खरेदी होतात, आणि ती निवडणारा प्रौढ असतो. निवडणाऱ्यास हाक मारावी की वाचणाऱ्यास, या पेचात चित्रकार सापडतो.

या दृष्टीने 'श्यामची आई' हे पुस्तक अभ्यासास फार सोयीचे आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची स्वामित्वाची मुदत २०१० च्या अखेरीस संपली, आणि तेव्हापासून अनेक प्रकाशकांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. ध्वनिविचारात दोन शब्द एकाच ध्वनीने भिन्न असले म्हणजे त्या ध्वनीचे मूल्य कळते. त्यास न्यूनतम युग्म म्हणतात. येथे संहिता तीच, मुखपृष्ठे अनेक. आपोआप घडलेला असा प्रयोग दुसऱ्या मराठी पुस्तकाच्या बाबतीत सहसा मिळावयाचा नाही. या आवृत्त्या शेजारी शेजारी मांडल्या असता माता व तिच्याजवळचा लहान मुलगा ही रचना पुनःपुन्हा समोर येते. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ही प्रतिमा लोकांच्या मनात अधिकच घट्ट केली असावी. परंतु पुस्तकाची घडण तशी नाही. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना बेचाळीस रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी ती घडण आहे. ऐकणाऱ्यांचे मंडळ, रात्र, सांगणाऱ्याचा भरून येणारा कंठ हे सारे कथेच्या चौकटीत आहे. चित्रात मात्र चौकट गळून केवळ आतील प्रसंग राहतो. यामुळे काय होते? कथा ऐकणाऱ्यांत वाचकासाठी जी जागा लेखकाने राखून ठेवलेली आहे ती चित्र बुजवून टाकते. वाचकास 'ये, बस' असे न म्हणता चित्र त्यास दुसऱ्याच्या आईकडे दुरून पाहावयास लावते. ही हाक पालकासाठी आहे. ती वाईट आहे असे नव्हे. पण आठवीतल्या मुलाने ती आपणास नाही असे मानले, तर त्यात त्याचा दोष नाही.

उलट टोकास भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे मराठी कुमारांचा पिढ्यान्पिढ्या सोबती झाला, यात त्याच्या नावाचा वाटा मोठा आहे. इंग्रजीतील तुलनादर्शक विशेषण आणि अस्सल मराठी आडनाव यांची गाठ अनुप्रासाने मारलेली. हे नावच धावते. अशा नायकास मुखपृष्ठावर स्वस्थ बसलेला दाखविणे म्हणजे शीर्षकास खोटे पाडणे होय. त्याची प्रसिद्ध 'टॉक्' ही चित्रकारापुढील दुसरी अडचण. नाद रंगविता येत नाही. ज्यामुळे तो निघाला ते कारण मात्र रंगविता येते. येथे क्रियापदाच्या अवस्थांचा विचार उपयोगी पडतो. साहसकथेचे चांगले मुखपृष्ठ पूर्ण क्रियेचे नसते, अपूर्ण क्रियेचे असते. 'पडला' असे ते म्हणत नाही. 'पडत आहे' असे म्हणते. लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकोओन' या ग्रंथात सांगितले की चित्रकाराने परमोच्च क्षण न घेता त्याच्या अलीकडचा गर्भित क्षण घ्यावा, म्हणजे पुढचे पाहणाऱ्याची कल्पना पुरे करते. कुमार-साहसकथेच्या चित्रकाराने लेसिंग वाचलेला असो वा नसो, हे तत्त्व त्याच्या हातास ठाऊक असावे लागते. दोरी तुटण्याच्या बेतात असावी, तुटलेली नसावी. चोर पकडलेला दाखविला की मूल पुस्तक खाली ठेवते. फेणेचा चित्रपट २०१७ मध्ये निघाला तेव्हा त्यातील नायक शाळकरी मुलगा न राहता तरुण झाला होता. लहानपणी ज्यांनी ती पुस्तके वाचली त्यांनाच ती हाक होती. नायकाबरोबर वाचकाचे वय वाढविणे व्यापारदृष्ट्या समजण्यासारखे आहे. पण आज तेरा वर्षांच्या असलेल्या मुलास त्यात कोणी 'अरे' म्हटले, असे म्हणता येत नाही.

मराठी आवरणचित्रणाच्या इतिहासात या 'अरे'ची परंपरा कोठून आली हे पाहू गेल्यास ती मुलांच्या पुस्तकांपेक्षा इतरत्रच अधिक सापडते. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या दोन गोमंतकीय चित्रकारांनी दिवाळी अंकांची व पुस्तकांची मुखपृष्ठे इतकी लोकप्रिय केली की घरोघर त्यांच्या चित्रांना चौकटी बसल्या. दलालांची रेषा व रंगयोजना अधिक डौलदार, मुळगावकरांची देवादिकांची व स्त्रियांची चित्रे अधिक गुळगुळीत. गुणांच्या दृष्टीने दलालांचे पारडे जड आहे, असे मत येथे नमूद करण्यास हरकत नाही. परंतु त्यांच्या बहुसंख्य चित्रांतील हाक प्रौढ वाचकास होती. कुमारांनी ती चोरून ऐकली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळा पहाड यांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकाआड धरून वाचणारी पिढी याच काळातली. मुलांसाठी म्हणून जे चित्र आले ते मद्रासहून. १९४७ मध्ये सुरू झालेल्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' या नावाने १९५२ पासून निघू लागली. वड्डादि पापय्या यांची पौराणिक मुखपृष्ठे आणि शंकर यांचे विक्रम-वेताळाचे चित्र यांनी महाराष्ट्रातील मुलांचे डोळे घडविले. त्यात रंगांची श्रीमंती होती, पण काळ पुराणाचा होता. १९७१ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाने 'किशोर' मासिक सुरू केले. या मासिकाचे जुने अंक महाजालावर पाहावयास ठेवलेले असल्याने संशोधकांची मोठीच सोय झाली आहे. एखाद्या विद्यार्थ्याने केवळ त्याच्या मुखपृष्ठांचा वर्षवार अभ्यास केला तरी प्रबंधाचा विषय होईल.

मुद्रणतंत्राचा मुद्दा थोडक्यात आटोपणे बरे. ठशांवर छपाई होती तेव्हा प्रत्येक रंगास स्वतंत्र ठसा व स्वतंत्र खर्च लागे. दोन रंगांत भागवावे लागल्याने चित्रकारास सपाट आकार, ठळक बाह्यरेषा आणि कोरा कागद यांवर भिस्त ठेवावी लागली, आणि त्या गरिबीतून कित्येकदा उत्तम चित्र निघाले. चार रंग स्वस्त झाल्यावर सर्व कथानक एकाच पानावर कोंबण्याचा मोह बळावला : मध्ये नायक, वर खलनायकाचा चेहरा, खाली किल्ला, कोपऱ्यात कुत्रा.

संबोधनाचे तत्त्व मराठीपुरतेच खरे नाही. रोलिंगबाईंच्या 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग लंडनच्या ब्लूम्सबरी संस्थेने १९९७ मध्ये काढला तेव्हा त्यावर थॉमस टेलर यांचे मुलांसाठीचे रंगीत चित्र होते. पुढच्याच वर्षी त्याच संहितेची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यावर आगगाडीचे कृष्णधवल छायाचित्र होते. आत एक अक्षरही बदललेले नाही. सार्वजनिक ठिकाणी मुलांचे पुस्तक हातात धरण्याचा संकोच वाटणाऱ्या प्रौढास 'अहो' म्हणण्यासाठी एवढा फरक पुरेसा झाला. मराठीत नेमके उलट घडलेले दिसते. प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' (१९९४) आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) या दोन्ही पुस्तकांच्या केंद्रस्थानी शाळकरी मुलाचे मन आहे. 'वनवास'मधील लंपनची बेळगावकडची, कानडीच्या शेजारात वाढलेली मराठी तर भाषाभ्यासकांचा खजिनाच आहे. पण ही पुस्तके प्रौढ साहित्य म्हणून प्रसिद्ध झाली आणि प्रौढांनी ती स्मरणरंजन म्हणून डोक्यावर घेतली. लंपनच्या वयाच्या वाचकासाठी त्याच संहितेची, वेगळी हाक मारणारी आवृत्ती का निघू नये?

बंगालीत सत्यजित राय यांच्या ठायी लेखक व चित्रकार एकत्र झाल्याने हा प्रश्नच उद्भवला नाही. १९४० नंतरच्या दशकात विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली'ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती सिग्नेट प्रेसने काढली. तिची चित्रे रायांनी केली आणि त्या चित्रांतूनच १९५५ च्या चित्रपटाचे बीज पडले. पुढे १९६५ पासून फेलूदाच्या कथा लिहिताना आपल्या कुमार वाचकास कोणत्या शब्दाने हाक मारावयाची हे त्यांना लेखणीनेही ठाऊक होते आणि कुंचल्यानेही.

तथापि मराठी वाचकास उपलब्ध असलेल्या आवरणचित्रांत आस्वादाच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण उदाहरण जपानमधून आलेले आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे १९८१ चे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादाने नॅशनल बुक ट्रस्टतर्फे मराठीत आले. ते काटेकोरपणे पाहता कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. पण कुमार ते कादंबरीसारखेच वाचतात. त्यातील चित्रे चिहिरो इवासाकी यांची आहेत, आणि इवासाकी १९७४ मध्येच वारल्या होत्या. म्हणजे चित्रकर्तीने हे पुस्तक वाचलेलेच नव्हते. लेखिकेने त्यांच्या मागे राहिलेल्या चित्रसंग्रहातून आपल्या पुस्तकासाठी चित्रे निवडली. मूळ जपानी आवृत्तीच्या मुखपृष्ठावरील तपकिरी टोपी घातलेली मुलगी ही तोत्तोचान नाही. ती कोणी दुसरीच, पूर्वी रंगविलेली मुलगी आहे. 'समर्पक' हे विशेषण येथे कसे लावणार? कथानकाशी चित्राचा कसलाच जन्मसंबंध नाही.

आणि तरीही हे चित्र पुस्तकाचे मुख झाले. इवासाकींच्या जलरंगांत बाह्यरेषा जवळजवळ नसते. ओल्या कागदावर रंग पसरत जाऊन जेथे थांबतो तेथे मुलीचा गाल संपतो. मुलगी हसत नाही. पालकांना खूष करण्यासाठी मुखपृष्ठावरील मुलांना जे हसू चिकटविले जाते ते येथे नाही. ती कशाचा तरी विचार करीत आहे आणि पाहणाऱ्यास तो विचार सांगण्याची तिला घाई नाही. या पुस्तकातील सर्वांत चित्रणीय वस्तू म्हणजे आगगाडीच्या डब्यांत भरणारे वर्ग. दुसऱ्या एखाद्या चित्रकाराने ते डबे मुखपृष्ठावर आणल्यावाचून सोडले नसते. ते येथे राखून ठेवलेले असल्यामुळे तोत्तोचानबरोबर शाळेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत वाचकासही ते ठाऊक होत नाहीत. तिचा आनंद आणि वाचकाचा आनंद एकाच पानावर घडतो. आणखी एक गोष्ट. हे चित्र 'अगं' म्हणते. मराठी संबोधनात स्त्री-पुरुष भेद टाळता येत नाही, म्हणून तो चित्रातही ऐकू येतो. साहसकथांच्या मुखपृष्ठांवर 'अरे'चा गजर असतो. मुलगी असलीच तर टोळीत मागे, दचकलेली. कुमारी वाचकास सरळ हाक मारणारे चित्र दुर्मिळ असल्याने इवासाकींच्या त्या मुलीचे मोल अधिक.

राखून ठेवण्याचे महत्त्व लेखकांनीही जाणले आहे. काफ्काने १९१५ मध्ये 'रूपांतर' या कथेच्या प्रकाशकास लिहून कळविले की तो कीटक चित्रात दाखवू नये, दुरूनसुद्धा नको. आणि ओटोमार श्टार्के यांनी काढलेल्या मुखपृष्ठावर अर्धवट उघडे, अंधाराकडे जाणारे दार आणि तोंड झाकून दूर जाणारा मनुष्य एवढेच आले. सॅलिंजरच्या १९५१ च्या कादंबरीस प्रथम मायकेल मिचेल यांचे घोड्याचे चित्र लाभले; पण स्वस्त आवृत्तीवर नायकच उभा केलेला पाहून लेखक नाराज झाला, आणि पुढे आपल्या पुस्तकांवर चित्रच नको अशी अट त्याने घातली. ही अट अतिरेकी खरी. तिच्या मुळाशी असलेले भय मात्र रास्त आहे : नायकाचा चेहरा एकदा छापला की वाचकास स्वतःचा चेहरा तेथे ठेवता येत नाही.

येथूनच अधिक गंभीर प्रश्न निघतो. चेहरा छापावयाचाच तर कोणाचा? जस्टीन लार्बालेस्टिअर यांच्या 'लायर' या कुमार-कादंबरीची नायिका कृष्णवर्णीय असता २००९ मध्ये अमेरिकेतील आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गौरवर्णीय मुलीचे छायाचित्र घालण्यात आले. लेखिकेने व वाचकांनी आक्षेप घेतला आणि प्रकाशकास मुखपृष्ठ बदलावे लागले. हे उदाहरण दूरचे वाटेल. पण माहूर-किनवटच्या आश्रमशाळेत बसलेल्या मुलामुलींच्या जागी क्षणभर उभे राहून मराठी कुमार-कादंबऱ्यांची मुखपृष्ठे पाहावीत. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशा घरांतून आलेली ही मुले आहेत. घरी गोंडी, कोलामी वा गोरमाटी, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात तेलुगूचे व दखनीचे सूर, अशी त्यांची भाषास्थिती. मुखपृष्ठांवर ठळकपणे दिसतात ते सह्याद्रीचे किल्ले, कोकणातील माड, पुण्यामुंबईच्या गल्ल्या, आणि गोरटे, चष्मा लावलेले हुशार मूल. पैनगंगेकाठचे सागवान, पळसाने पेटलेला फाल्गुनातला डोंगर, गडाचा हत्ती दरवाजा, पांडवलेण्यांतील गार अंधार यांत साहसकथेस काही कमी आहे असे नाही. येथील मुलाने दुसऱ्या मुलखातील कथा वाचू नये, असा याचा अर्थ नव्हे; तोत्तोचानच्या मुलीने हे सिद्धच केले आहे की फार दूरच्या चेहऱ्यासही हाक मारता येते. पण प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणास मारलेली हाक ऐकण्याची सवय झालेले मूल अखेर वळून पाहीनासे होते. प्रमाण भाषेच्या बाबतीत ही गोष्ट शिक्षकांनी मान्य केली आहे. चित्राच्या भाषेस ती अद्याप लावलेली नाही.

शिवाय या मुलापर्यंत मुखपृष्ठ पोहोचते का, हेही पाहावे लागते. हैदराबाद राज्यात १९५५ मध्ये आणि महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगाव ग्रंथ जाण्याची वाट मोकळी झाली. परंतु ग्रंथालयातील जुनी रीत अशी की फार फिरणारे पुस्तक खिळखिळे झाले की ते बांधणीस जाते. परत येते तेव्हा जाड पुठ्ठा, वर गडद रंगाचे कापड वा रेक्झिन, कण्यावर क्रमांक. टिकाऊपणाच्या दृष्टीने हे योग्यच. पण मुलांची पुस्तके सर्वांत अधिक फिरतात, सर्वांत लवकर फाटतात, म्हणून मुखही प्रथम त्यांचेच जाते. गडावर शरीराविना मुख पूजिले जाते. ग्रंथालयाच्या कपाटात मुखाविना शरीरे रांगेत उभी असतात, आणि कपाटापुढे उभ्या असलेल्या मुलास कोणतेच पुस्तक हाक मारीत नाही. मूळ आवरण कापून नव्या पुठ्ठ्यावर चिकटविणे हा अगदी अल्प खर्चाचा उपाय आहे. काही दक्ष ग्रंथपाल तो करतातही.

संशोधनाच्या बाजूने मात्र याहून निकडीचे काम आहे. आवरणचित्राचा आस्वाद घ्यावयाचा तर ते कोणी काढले हे कळावयास हवे, आणि पुष्कळ जुन्या पुस्तकांवर तो उल्लेख एक तर नसतो, नाही तर चित्राच्या कोपऱ्यातील अस्पष्ट स्वाक्षरीत असतो, जी बांधणीच्या कात्रीखाली जाते. सूचिकारांनीही त्याची दखल सहसा घेतलेली नाही. ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत यांचे रकाने असतात, चित्रकाराचा नसतो. नवा रकाना पाडणे नियमांत बसत नसेल तर त्या वहीत अगदी उजवीकडे 'शेरा' हा रकाना आहेच. सध्या त्यात 'मुखपृष्ठ फाटलेले' एवढे लिहिले जाते. फाटण्यापूर्वी तेथे एक नाव लिहिता येईल.